तारा किंचित हलला तेव्हा

एक डोळा मिटा. हात लांब करून अंगठा उभा धरा आणि समोरच्या भिंतीवरील कॅलेंडरातल्या एखाद्या तारखेशी तो जुळवा. आता तो डोळा उघडून दुसरा मिटा. अंगठा टुणकन बाजूला सरकलेला दिसेल. वास्तविक तो जागचा हललेला नाही. तुमची पाहण्याची जागा तेवढी सहा-सात सेंटिमीटरांनी बदलली. अंगठा नाकाजवळ आणलात तर तो जास्त सरकतो. अंगणाच्या टोकाला उभ्या असलेल्या मित्राचा अंगठा मात्र जेमतेम सरकतो. पाहणाऱ्याची जागा बदलल्यामुळे वस्तू अशी सरकल्यासारखी दिसते, याला ‘पराशय’ म्हणतात.

या पोरखेळात एक फार मोठे भांडण दडलेले होते. ते जवळजवळ तीनशे वर्षे चालले. माणूस विश्वाच्या मध्यभागी राहतो की नाही, हा भांडणाचा विषय होता आणि त्याचा निकाल अखेर एका ताऱ्याच्या सरकण्यावर लागायचा होता. कसा, ते पाहू.

पृथ्वी स्थिर आहे आणि सूर्य, चंद्र, ग्रह व तारे तिच्याभोवती फिरतात, ही समजूत अडाणीपणाची होती असे समजू नका. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे टॉलेमीने इ. स. १५० च्या सुमारास या कल्पनेवर असे गणित उभारले, की पुढे चौदाशे वर्षे ग्रहांची स्थाने त्यावरून काढली जात. त्याच्याही आधी, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, ॲरिस्टार्कस नावाच्या ग्रीक विद्वानाने पृथ्वीच सूर्याभोवती फिरते असे सुचवले होते. ते कोणी मनावर घेतले नाही. आपल्याकडे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे लिहिले. नावेत बसलेल्याला जसे काठ मागे जाताना दिसतात, तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा त्याचा दाखला. त्यावर वराहमिहिराने विचारले, की मग आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यात परत कसे येतात? (आर्यभटाने पृथ्वी सूर्याभोवती फिरते असेही सांगितले, असे पुष्कळदा छापले जाते. ते खरे नाही. त्याने सांगितले ते स्वतःभोवती फिरणे, आणि तेवढे सांगायलाही त्या काळी धैर्य लागत होते.)

इ. स. १५४३ मध्ये पोलंडमधील निकोलस कोपर्निकस याचा ग्रंथ छापून बाहेर पडला. सूर्य मध्यभागी ठेवून पृथ्वीला बुध, शुक्र, मंगळ यांच्या पंगतीला बसवले, तर मंगळ मध्येच उलटा चालू लागल्यासारखा का दिसतो याचा उलगडा आपोआप होतो, असे त्याने दाखवले. आपण आतल्या कक्षेतून वेगाने पुढे जातो आणि मंगळाला मागे टाकतो. शेजारच्या रुळावरची हळू चाललेली गाडी आपल्याला मागे जाताना दिसते, तसेच हे.

कोपर्निकसने माणसाला मध्यावरून उठवले आणि त्याचा मान गेला, असे आपण नेहमी वाचतो. मला हे पूर्णपणे पटत नाही. त्या काळच्या युरोपीय समजुतीत विश्वाचा मध्य ही मानाची जागा नव्हतीच. जड, मळकट, नाशवंत असे जे जे काही, ते खाली बसते आणि हे ‘खाली’ म्हणजेच मध्य. शुद्ध आणि अमर असे सारे वर आकाशात. पृथ्वीला ग्रह ठरवून कोपर्निकसने एका परीने तिला आकाशात चढवले! लोकांच्या जिवाला खरा घोर लागला तो दुसऱ्याच कारणाने, आणि येथेच आपला अंगठा पुन्हा उपयोगी पडतो.

पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर जानेवारीत आपण जेथे असतो त्याच्या बरोबर समोर, कक्षेच्या दुसऱ्या टोकाला, जुलैमध्ये असणार. ही दोन टोके आज आपल्याला माहीत असलेल्या मापाने ३० कोटी किलोमीटर अंतरावर आहेत. म्हणजे आपल्याला दोन डोळे मिळाले, एक जानेवारीचा आणि एक जुलैचा. मग अंगठ्याप्रमाणे जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या मानाने सरकायला हवेत. पण एकही तारा सरकत नव्हता.

कोपर्निकसचे यावर उत्तर असे, की तारे इतके दूर आहेत, की त्यांच्यापुढे पृथ्वीची सारी कक्षा म्हणजे एक ठिपका. आता तुम्ही त्या काळचे विरोधक आहात असे समजा. हे उत्तर तुम्हाला पटले असते? ‘पुरावा आहे, पण तो दिसणार नाही इतका लहान आहे,’ असे कोणी म्हणाले तर आपण त्याला पळवाटच म्हणू.

विरोधकांत सगळे हटवादी होते असे नाही. डेन्मार्कचा टायको ब्राहे हा दुर्बीण निघण्यापूर्वीचा सर्वांत मोठा निरीक्षक. राजाने त्याला १५७६ मध्ये ह्वेन नावाचे बेट दिले होते. तेथे त्याने वेधशाळा बांधली आणि भिंतीएवढी मोठी कोनमापके बसवली. वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला आणि कलेच्या ६० विकला हे तुम्हाला ठाऊक आहेच. टायकोचे वेध सुमारे एका कलेपर्यंत अचूक असत. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचे तीस भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक कला! इतक्या बारकाईने पाहूनही त्याला ताऱ्यांचे सरकणे सापडले नाही.

मग त्याने पुढचा विचार केला, आणि तो फार मार्मिक होता. नुसत्या डोळ्यांना मध्यम तेजाचा तारा सुमारे एका कलेएवढ्या चकतीसारखा दिसतो. आता तोच तारा सहा महिन्यांत एका कलेनेही सरकत नाही याचा अर्थ असा, की त्या ताऱ्यावरून पाहिले तर पृथ्वीची सारी कक्षा एका कलेत मावेल. म्हणजे पृथ्वीवरून तारा जेवढा दिसतो, जास्तीत जास्त तेवढीच ताऱ्यावरून आपली कक्षा दिसेल. तेव्हा तो तारा निदान पृथ्वीच्या संपूर्ण कक्षेएवढा अवाढव्य असला पाहिजे! असा एकेक तारा आणि शनीपासून ताऱ्यांपर्यंत नुसती रिकामी पोकळी, ही कल्पना टायकोला अशक्य वाटली. त्याने मधला मार्ग काढला. इतर ग्रह सूर्याभोवती, आणि सूर्य त्या सर्वांना घेऊन पृथ्वीभोवती.

टायकोच्या तर्कात खोट नव्हती. खोट होती ती ताऱ्याच्या चकतीत. ती चकती ताऱ्याची नसतेच. आपला डोळा, मधली हवा आणि प्रकाशाचा तरंगस्वभाव यांमुळे बिंदूसारखा तारा पसरट दिसतो. दुर्बिणीतही ही फसवी चकती दिसते. तिचे नीट गणित जॉर्ज एअरी याने मांडले ते १८३५ मध्ये, टायकोच्या मृत्यूनंतर दोनशे चौतीस वर्षांनी.

गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहिले आणि पुढे शुक्राच्या कला पाहिल्या. शुक्र सूर्याभोवती फिरतो हे त्यावरून सिद्ध झाले. पण टायकोची योजनाही तेच सांगत होती! त्यामुळे पृथ्वी फिरते याचा थेट पुरावा गॅलिलिओच्या हातीही नव्हता. १६३३ मध्ये रोमच्या धर्मपीठाने त्याला आपले मत मागे घ्यायला लावले आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत नजरकैदेत ठेवले. केप्लरने टायकोच्याच वेधांवरून ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा शोधल्या. न्यूटनने १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला, आणि मग एवढीशी पृथ्वी प्रचंड सूर्याला ओढून नेते असे म्हणण्याची सोय राहिली नाही, कारण लहान तो मोठ्याभोवती फिरणार आणि सूर्य पृथ्वीच्या कितीतरी पट जड. बहुतेक शास्त्रज्ञांची खात्री झाली. तरी तारा अजून हलत नव्हता.

लंडनच्या रॉबर्ट हूकने १६६९ मध्ये आपल्या राहत्या जागेच्या छपराला भोक पाडून त्यातून एक लांबलचक दुर्बीण सरळ वर रोखली. कालेय समूहातील एक तारा तेथे बरोबर डोक्यावरून जातो. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेत वाकत नाही, म्हणून ही निवड. हूकने चार वेध घेतले आणि पराशय सापडल्याचे जाहीर केले. चार वेधांवर एवढा मोठा दावा! तो टिकला नाही.

तोच तारा १७२५ च्या डिसेंबरात जेम्स ब्रॅडली आणि सॅम्युएल मॉलिन्यू यांनी हाती घेतला. तारा हलला! पण चमत्कार असा, की तो भलत्याच वेळी हलला. पराशयामुळे ज्या महिन्यात तो दक्षिण टोकाला असायला हवा होता, त्यानंतर तीन महिन्यांनी तो तेथे पोहोचला. शिवाय सरकणे दोन्ही बाजूंना वीस-वीस विकला, म्हणजे अपेक्षेपेक्षा फार मोठे. ब्रॅडलीने तीन वर्षे डोके खाजवले. असे सांगतात, की थेम्स नदीत नौकाविहार करताना डोलकाठीवरचा वायुदर्शक नाव वळली की आपली दिशा बदलतो, हे त्याच्या लक्षात आले आणि कोडे सुटले.

पावसात सायकल चालवणाऱ्याला हे सांगायला नको. पाऊस सरळ पडत असला तरी सायकलवर तो समोरून, तिरपा अंगावर येतो. छत्री पुढे कलती धरावी लागते. (एका हाताने सायकल चालवणे वाईटच, पण शाळेच्या वाटेवर कोणी ते केले नसेल असे वाटत नाही.) पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने धावते आणि प्रकाश तिच्या दहा हजार पट वेगाने येतो. तेव्हा ताऱ्याच्या प्रकाशासाठी दुर्बिणीची ‘छत्री’ वीस विकला पुढे झुकवावी लागते. पृथ्वी धावते आहे याचा हा पहिला थेट पुरावा. ब्रॅडलीने तो १७२९ च्या प्रारंभी जाहीर केला. शोधायला गेला पराशय, सापडले भलतेच आणि त्याहून मोलाचे! पण पराशय जर असलाच तर तो एका विकलेहून कमी असला पाहिजे, हेही त्याच वेधांतून निघाले. म्हणजे तारे खरोखरच भयंकर दूर होते.

आता शंभर वर्षे ओलांडून १८३० च्या दशकात येऊ. जर्मनीत ब्रेमेन येथे चौदाव्या वर्षी व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारीला लागलेला आणि रात्री जागून गणित शिकलेला फ्रीड्रिख बेसेल आता क्योनिग्झबेर्ग येथील वेधशाळेचा प्रमुख होता. हे शहर आज रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राड आहे. कोणता तारा जवळचा, हे ओळखायचे कसे? सगळे जण तेजस्वी तारे निवडत. बेसेलने हंस समूहातील ६१ क्रमांकाचा एक मंद तारा निवडला. का? तो तारा दरवर्षी पाच विकलांहून अधिक वेगाने आकाशातून पुढे सरकतो. लांबचे विमान आकाशात संथ जाताना दिसते आणि घरासमोरून चिमणी भुर्रकन जाते. जो वेगाने जातो तो जवळ असण्याचा संभव अधिक.

त्याचे उपकरण होते म्यूनिकच्या फ्राउनहोफर यांच्या कारखान्यातले हेलिओमीटर. त्यात दुर्बिणीचे पुढचे भिंग चक्क मधोमध कापलेले असते. दोन्ही अर्ध्या भागांत वेगवेगळी प्रतिमा दिसते. स्क्रूने एक अर्धे सरकवून एका ताऱ्याची प्रतिमा दुसऱ्याच्या प्रतिमेवर आणायची आणि स्क्रूचे फेरे मोजून दोघांतला कोन काढायचा. उत्तम भिंग करवतीखाली द्यायला केवढी छाती लागली असेल! १८३७ च्या ऑगस्टपासून वर्षाहून अधिक काळ, आकाश निरभ्र असेल त्या रात्री बेसेल हे अंतर पुन्हा पुन्हा मोजत राहिला.

तारा हलत होता. पाहिजे त्या दिशेने आणि पाहिजे त्या महिन्यात. सहा महिन्यांतील सरकण्याच्या निम्म्या कोनाला ताऱ्याचा पराशय म्हणण्याची पद्धत आहे. बेसेलला तो मिळाला ०.३१४ विकला. आजचा आकडा ०.२८६ आहे. हा कोन केवढा? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उभे राहून कुर्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर कोणी धरलेला एक रुपया पाहा. तो नाणे म्हणून जेवढा दिसेल (दिसलाच तर!), साधारण तेवढा.

बेसेल एकटा नव्हता. स्ट्रूव्हने १८३७ मध्येच अभिजित ताऱ्यासाठी एक आकडा दिला होता आणि तो आजच्या आकड्याच्या अगदी जवळचा होता. पुढे त्यानेच तो दुप्पट करून टाकला, त्यामुळे लोकांचा विश्वास बसेना. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला हेंडरसनने १८३२-३३ मध्येच नरतुरंग समूहातील ‘मित्र’ ताऱ्याचे वेध घेतले होते, पण स्वतःच्या आकड्यांची खात्री न वाटल्याने ते १८३९ पर्यंत प्रसिद्ध केले नाहीत. त्यामुळे मान बेसेलकडे गेला.

योगायोग पाहा. गॅलिलिओच्या ग्रंथावरील बंदी उठून तो रोमच्या निषिद्ध पुस्तकांच्या यादीतून गेला १८३५ मध्ये. आणि भोपाळजवळच्या सिहोर येथे सुबाजी बापू या पंडिताने ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक लिहिले १८३६ मध्ये, आणि तेही मराठीत. पुराणांतील मेरू पर्वताची सपाट पृथ्वी, भास्कराचार्यादी सिद्धांतकारांची गोल व स्थिर पृथ्वी आणि कोपर्निकसची फिरती पृथ्वी या तिघींची तुलना त्यात आहे. आपल्याच सिद्धांतग्रंथांची पायरी करून फिरत्या पृथ्वीपर्यंत चढता येते, ही त्यामागची दृष्टी. ज्योतिष हीच ज्यांची विद्या आणि उपजीविका, अशा लोकांत राहून हे लिहिणे सोपे नव्हते. आणि हे लिहिले गेले तेव्हा कोणाही माणसाला एकाही ताऱ्याचे अंतर पक्के ठाऊक नव्हते.

बेसेलच्या आकड्याने काय झाले, हे समजायला एक नमुना करू. मुंबईतील एका वर्गात मध्यभागी सूर्य म्हणून एक काबुली चणा ठेवा. पृथ्वी त्यापासून एक मीटरवर, रांगोळीच्या कणाहूनही बारीक. शनी साडेनऊ मीटरवर, म्हणजे वर्गाच्या भिंतीशी. आता बेसेलचा तारा कोठे ठेवाल? नागपूरच्याही थोडा पलीकडे! सर्वांत जवळचा शेजारी जो मित्र, तो छत्रपती संभाजीनगरला. मध्ये काहीही नाही.

टायकोला जी रिकामी पोकळी अशक्य वाटली, ती खरी निघाली. सारे विश्व माणसासाठी निर्माण केले आहे, तारे आपल्या रात्री सजवण्यासाठी आहेत, असे मानणाऱ्यांना प्रश्न पडला, की मग एवढे विश्व आणि त्यात एवढी मोकळी जागा कशासाठी? मध्यभागातून उठवले जाण्यापेक्षा हा धक्का मोठा होता. आणि सूर्य? तो इतर ताऱ्यांसारखाच एक तारा ठरला. ६१-हंस सूर्याहून मंद आहे, अभिजित पुष्कळच तेजस्वी. सूर्य मधल्यामध्ये.

पुढच्या दोन पायऱ्या लवकर आल्या. १९१८ मध्ये हार्लो शॅप्लेने गोलाकार तारकागुच्छांची अंतरे काढली. बहुतेक गुच्छ धनू राशीच्या बाजूला दाटलेले होते. त्यावरून आकाशगंगेचा मध्य तिकडे आहे आणि सूर्य एका बाजूला पडला आहे, हे त्याने ओळखले. आजच्या मापाने तो मध्य आपल्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. गंमत म्हणजे सूर्याला बाजूला सारणारा हा शॅप्ले आपली आकाशगंगा म्हणजेच जवळजवळ सारे विश्व असे धरून चालला होता. एडविन हबलने १९२३ मध्ये देवयानी समूहातील तेजोमेघात एक रूपविकारी तारा हेरला. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दिलेल्या नियमाने त्याचे अंतर काढले, तर ते आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर निघाले. देवयानीतला तो ढग म्हणजे दुसरी आकाशगंगाच होती. आज तिचे अंतर २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

पण ही सारी अंतरे ज्या शिडीवर उभी आहेत, तिची खालची पायरी अजून पराशयाचीच आहे. २०१३ मध्ये पाठवलेल्या युरोपच्या ‘गाया’ यानाने जानेवारी २०२५ पर्यंत हेच मोजण्याचे काम केले, आणि आता एक अब्जाहून अधिक ताऱ्यांचे पराशय हाती आहेत. एप्रिल २०२० मध्ये तर आणखी एक मौज झाली. ‘न्यू होरायझन्स’ हे यान पृथ्वीपासून जवळजवळ ७०० कोटी किलोमीटरवर होते. त्याने मित्राच्या जवळचा प्रॉक्झिमा तारा टिपला, त्याच सुमारास पृथ्वीवरूनही तोच टिपला गेला. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली की तारा अंगठ्यासारखा उडी मारताना सरळ दिसतो. तरीही ही उडी साधारण अर्ध्या कलेचीच. टायकोच्या उपकरणांना ती सापडली नसती!

बेसेलचा तारा तुम्हालाही पाहता येईल. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर, रात्री नऊच्या सुमारास, शहराच्या दिव्यांपासून दूर जाऊन डोक्यावरून किंचित उत्तरेकडे पाहा. हंसाचा मोठा क्रूस दिसेल. त्याच्या शेपटीशी असलेला तेजस्वी तारा म्हणजे हंस. तेथून पूर्वेकडच्या पंखाच्या बाजूला नकाशा घेऊन शोधलेत तर नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा ६१ वा तारा सापडेल. लहान दुर्बिणीतून तो एक नसून दोन नारिंगी तारे आहेत हे कळते. त्यांचा जो प्रकाश तुमच्या डोळ्यांत शिरेल, तो तेथून निघून अकरा वर्षांहून थोडा अधिक काळ झालेला असेल. बेसेलने १८३८ मध्ये जो पाहिला, तो निघाला होता १८२७ च्या सुमारास.